यत्ता, उजळणी आणि नापास : बुलढाणा जिल्ह्यांतील शाळांच्या जुन्या दप्तरांनीं उपस्थित केलेला एक प्रश्न

सन २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. मराठवाड्यांतील कुणबी नोंदींचा शोध घेणें हें तिचें मूळ काम. पुढें त्याची व्याप्ति सर्व राज्यावर गेली, आणि त्या निमित्तानें महसुली कागद, जन्ममृत्यूचीं कोतवाल-बुकें व प्राथमिक शाळांचीं दाखल-खारीज पुस्तकें हीं कित्येक वर्षांनीं कपाटांबाहेर आलीं. बुलढाणा जिल्हाहि त्यांतून सुटला नाहीं. मोडी वाचणारांस एकाएकीं मागणी आली. जीं पुस्तकें वाळवीच्या स्वाधीन होण्याच्या वाटेवर होतीं तीं पुन्हां उघडलीं गेलीं, ही गोष्ट कागदपत्रांच्या शोधकांस समाधानाची वाटेल यांत संशय नाहीं. परंतु उघडणारांनीं त्यांतील एकच रकाना वाचला. तो जातीचा. त्याच ओळींत पुढें दुसरे रकाने असतात : शाळेंत दाखल झाल्याची तारीख, कोणत्या यत्तेंत दाखल झाला, शाळा सोडल्याची तारीख, सोडतांना कोणत्या यत्तेंत व केव्हांपासून होता, आणि सोडण्याचें कारण. ह्या रकान्यांकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तेच रकाने होत.

विषय निवडण्यास प्रसंगहि तसाच आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा जो कायदा सन २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, त्याच्या सोळाव्या कलमानें आठवीपर्यंत कोणत्याहि मुलास त्याच वर्गांत मागें ठेवण्याची मनाई केली होती. सन २०१९ सालीं तें कलम बदललें. पांचवी व आठवी ह्या दोन इयत्तांच्या अखेरीस नियमित परीक्षा घ्यावी, जो उतरणार नाहीं त्यास जादा शिकवून दोन महिन्यांच्या आंत पुन्हां परीक्षेस बसवावें, आणि तरीहि न उतरल्यास त्यास त्याच वर्गांत ठेवावें कीं नाहीं हें त्या त्या सरकारनें ठरवावें, असें नवें कलम सांगतें. महाराष्ट्रानें सन २०२३ सालीं तसा नियम केला, आणि २०२३-२४ च्या शालेय वर्षापासून पांचवीचें व आठवीचें मूल नापास होऊं लागलें. डिसेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनेंहि आपल्या शाळांपुरता तोच मार्ग धरला. ह्या बदलाचें समर्थन करतांना एक वाक्य वारंवार ऐकूं येतें : पूर्वीं नापास करीत असत, म्हणून पूर्वींची मुलें शिकत असत. ह्या वाक्यांत दोन विधानें आहेत आणि दोन्हीं इतिहासाचीं आहेत. तेव्हां त्यांची तपासणी करणें हें इतिहासाच्या अभ्यासकाचें काम ठरतें.

प्रथम ‘पूर्वीं’ म्हणजे केव्हां, हें पाहूं. वऱ्हाड सन १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आलें. त्याच्या अगोदर दीर्घ काळ ह्या मुलखांत निजाम व नागपूरकर भोसले यांची दोअमली होती. सन १८०३ च्या देवगांवच्या तहानंतर भोसल्यांचा वांटा गेला. दोन धन्यांचा वसूल, दोन तऱ्हेचे हिशेब, एकाचें दप्तर फारसींत व दुसऱ्याचें मोडींत. अशा मुलखांत मेहकर, मलकापूर, सिंदखेड, देऊळगांव राजा ह्यांसारख्या कसब्यांच्या ठिकाणीं लिहिणाऱ्या हातांची गरज सतत असे, आणि ती गरज भागविणारी संस्था म्हणजे पंतोजीची शाळा. मुंबई इलाख्यांत एल्फिन्स्टनसाहेबांच्या प्रेरणेनें सन १८२४ पासून देशी शाळांची जी चौकशी झाली, तिचे कागद पुढें रा. वि. परुळेकर यांनीं संपादून प्रसिद्ध केले. वऱ्हाड त्या वेळीं निजामाकडे असल्यानें त्या चौकशींत नाहीं. तथापि मलकापुराशेजारच्या खानदेशांतील पंतोजी आणि मलकापुरांतील पंतोजी यांच्या रीतींत मोठा भेद असण्याचें कारण दिसत नाहीं.

ही शाळा कोणाच्या ओसरीवर अथवा देवळाच्या पडवींत भरे. दसऱ्यास किंवा दुसऱ्या एखाद्या चांगल्या दिवशीं पाटीपूजन करून मुलास बसवीत. पण वर्षांतून केव्हांहि बसविला तरी अडत नसे, कारण ह्या शाळेस आरंभ व अखेर असलेलें वर्षच नव्हतें. प्रथम ओनामा. मग धूळपाटीवर मुळाक्षरें गिरवावयाचीं, तीं बोटांत बसलीं कीं बाराखडी व जोडाक्षरें. बरोबरीनें अंक, पाढे, आणि पुढें पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी. हात वळला म्हणजे बोरू व कागद, मोडीचा कित्ता, आणि सर्वांत शेवटीं पत्रांचे मायने व जमाखर्च. एकाच ओसरीवर एक मुलगा धुळींत ‘ग’ काढीत असे, दुसरा सवायकी घोकीत असे व तिसरा खताचा मसुदा उतरून घेत असे. थोरल्यानें धाकट्यास घोकवावें ही रूढीच होती. सायंकाळीं परवचा म्हणतांना ज्याला पाढा येतो तो आणि ज्याला येत नाहीं तो, दोघेहि एकाच सुरांत म्हणत. न येणाऱ्याच्या कानांवर तो रोज पडे. मद्रासच्या अनाथालयांत शिकवीत असतां डॉक्टर अँड्र्यू बेल यांनीं वाळूंत अक्षरें काढणारीं मुलें पाहिलीं, आणि मुलांनींच मुलांस शिकविण्याच्या आपल्या पद्धतीचें पुस्तक सन १७९७ सालीं लंडनांत छापलें, ही हकीकत वाचकांस ठाऊक असेलच. आपली धूळपाटी विलायतेस जाऊन आली ती अशी.

ह्या शाळेंत मूल रखडत नव्हतें काय? पुष्कळ रखडे. एखाद्यास औटकी येण्यास दुसऱ्याच्या दुप्पट काळ लागे. पण तो औटकीपाशीं थांबे. त्याचें अक्षर चांगलें असेल तर मोडीचा कित्ता त्याच्या पुढें चालूंच राही. जें येत नाहीं तेंच पुन्हां करावयाचें, जें आलें तें पुन्हां करावयाचें नाहीं, हा त्या शाळेचा न लिहिलेला नियम होता. त्यास ‘उजळणी’ हा शब्द होता. ‘नापास’ हा शब्द नव्हता, आणि असण्याची सोयहि नव्हती. कारण ज्या पायरीवरून ढकलून खालीं ठेवावयाचें ती वर्षाची पायरीच तेथें नव्हती.

येथें एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे, नाहीं तर जुन्याचें गुणगान केल्याचा दोष प्रस्तुत लेखकाकडे येईल. पंतोजीच्या शाळेंत कोणी नापास होत नसे याचें एक कारण असें कीं, ज्यांस शिकणें जड गेलें असतें त्यांतील बहुतेक तिच्या उंबरठ्यावर येतच नसत. कुणब्याचा मुलगा क्वचित्, अस्पृश्य मानलेल्या जातींचा मुळींच नाहीं, आणि मुलगी तर नाहींच. छडी व उठाबशा नित्याच्या होत्या. त्यांस कंटाळून पळालेला मुलगा कोणत्याहि नोंदींत सांपडत नाहीं. बुलढाण्याचेंच उदाहरण घेऊं. सन १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें जहाल पुस्तक पुण्यास छापविणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत नोकरीस होते, आणि ताराबाईंचें शिक्षण वडिलांनीं घरींच केलें. वऱ्हाडांतल्या एकोणिसाव्या शतकांतील ह्या सर्वांत धारदार मराठी लेखणीनें कोणतीहि यत्ता ओलांडलेली नाहीं, कारण यत्तेपर्यंत पोंचण्याचा मार्गच मुलींस बंद होता. तेव्हां जुन्या पद्धतीची थोरवी गातांना हा बाहेर राहिलेला समाज डोळ्यांआड करतां येत नाहीं.

आतां ‘इयत्ता’ ह्या शब्दाकडे वळूं. संस्कृतांत ह्याचा अर्थ ‘इतकेंपण’, म्हणजे मोजमाप, मर्यादा. कीर्तीचें मोजमाप करतां येत नाहीं असें सांगण्यासाठीं रघुवंशांत कालिदासानें हाच शब्द योजिला आहे. इंग्रजी ‘स्टँडर्ड’ यास प्रतिशब्द हवा होता तेव्हां तो शाळाखात्याच्या कामीं आला व बोलण्यांत ‘यत्ता’ झाला. शब्द मोठा समर्पक निवडला गेला, कारण विलायतेंत ह्या ‘स्टँडर्डां’चा जन्म शिकविण्यासाठीं झाला नसून पैसे मोजण्यासाठीं झाला होता. सन १८६२ सालीं रॉबर्ट लो यांच्या सुधारलेल्या नियमावलीनें इंग्लंडांतील प्राथमिक शाळांस सहा पायऱ्या घालून दिल्या. तपासनीसानें वर्षांतून एकदां यावें, मुलाची वाचन, लेखन व गणित ह्यांत परीक्षा घ्यावी, आणि जितकीं मुलें उतरतील त्या मानानें शाळेस अनुदान द्यावें, अशी ती योजना. थोड्याच वर्षांत निकालावर अनुदान देण्याची ही रीत मुंबई इलाख्यांत आली. सन १८८२ चा हंटर आयोग ज्या प्रदेशांचा विचार करीत होता त्यांत ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ ह्या सरकारी नांवानें वऱ्हाडहि होतें. प्राथमिक शाळांचें अनुदान बव्हंशीं परीक्षेच्या निकालावर अवलंबून ठेवावें अशी त्याची सर्वसाधारण शिफारस पडली.

मुलास त्याच वर्गांत बसविण्याची रीत येथें रुजली असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे, आणि तिचें कारण शिक्षणशास्त्रांत शोधण्यापेक्षां हिशेबांत शोधणें बरें. ज्या मास्तरचें पोट निकालावर अवलंबून, तो कच्च्या मुलास तपासनीसासमोर उभा करील कशाला? त्यानें त्यास खालींच ठेवावें हें क्रमप्राप्त होतें. मूल कच्चें राहिलें ह्याचा बोजा शिकविणारावरून उतरून मुलाच्या वर्षावर गेला. जोतीराव फुले यांनीं ह्याच आयोगापुढें सन १८८२ सालीं जें निवेदन दिलें, त्यांत निकालावर पैसे देण्याची पद्धत गरीब व अज्ञानी लोकांत विद्येचा प्रसार करण्यास योग्य नाहीं, कारण त्यांच्यांत विद्येची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाहीं, असा स्पष्ट अभिप्राय आहे. जोतीरावांच्या ह्या निवेदनांतील सक्तीच्या शिक्षणाची मागणी सर्वांस माहीत आहे. हा अभिप्राय मात्र अभ्यासकांच्या लेखनांत क्वचितच येतो. सरकारास तें पटण्यास बावीस वर्षें लागलीं. सन १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानें लॉर्ड कर्झन यांच्या सरकारनें निकालावर अनुदान देण्याची रीत टाकून दिली. पैसे गेले, परंतु वार्षिक परीक्षा, यत्ता आणि नापास हीं मागें राहिलीं, आणि एका पिढीनंतर तीं अनादि आहेत असें लोकांस वाटूं लागलें.

दुसरें विधान असें कीं, नापास करीत असत म्हणून मुलें शिकत. ह्याची परीक्षा करण्यास सन १९२९ चा हार्टोग समितीचा अहवाल पुरेसा आहे. सन १९२२-२३ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत पहिलींत असलेल्या दर १०० मुलांमागें सन १९२५-२६ सालीं चौथींत अवघीं १८ होतीं. उरलेल्या ८२ पैकीं कांहींनीं शाळा सोडली, कांहीं खालच्या यत्तांत अडकून राहिलीं. पहिल्यास समितीनें गळती म्हटलें, दुसऱ्यास स्थगन. हीं दोन निराळीं दुखणीं म्हणून मोजलीं गेलीं खरीं; पण खेड्यांतील शाळा ज्यानें पाहिली आहे त्यास एकाचें पर्यवसान दुसऱ्यांत होतें हें सांगावें लागत नाहीं. दोन वर्षें पहिलींत बसलेला मुलगा तिसऱ्या वर्षीं गुरांमागें जातो. कापसाच्या मुलखांत तर ह्याचें वेळापत्रकच ठरलेलें. सन १९०५ सालीं अकोला जिल्ह्यांतून खामगांव व जळगांव हे तालुके बुलढाण्यास जोडले गेले तेव्हांपासून वऱ्हाडांतील कापसाची एक मोठी पेठ ह्या जिल्ह्यांत आहे. दसऱ्यापासून संक्रांतीपुढेंपर्यंत वेचणीचा हंगाम. लहान बोटें वेचणीस चांगलीं. हंगामभर गैरहजर राहिलेलें मूल परीक्षेंत मागें पडे व त्याच वर्गांत बसे, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां दसरा येई. नापास केल्यानें वेचणी थांबत नव्हती.

सक्तीच्या शिक्षणाचा विचार सुरू झाल्यावर ह्यांत आणखी एक पेंच पडला, तो फारसा कोणाच्या ध्यानांत आलेला दिसत नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सन १९११ च्या विधेयकांत सक्ति सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर होती. म्हणजे कायदा वय मोजीत होता व शाळा यत्ता मोजीत होती. जो मुलगा दोनदां नापास झाला त्याचीं सक्तीचीं चार वर्षें दुसरींतच संपलीं. ज्यास शिक्षणाची सर्वांत अधिक गरज त्याच्याच वांट्यास शिक्षणाचा सर्वांत लहान तुकडा आला.

हार्टोग समितीनें आपल्या आंकड्यांवरून काढलेला निष्कर्षहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे. विस्तार आवरावा आणि आहेत त्या शाळा दृढ कराव्या, असा तिचा रोख होता. मुलें वर चढत नाहींत म्हणून शाळा वाढवूं नयेत! परुळेकरांसारख्या शिक्षणवेत्त्यांनीं विस्ताराची बाजू घेऊन ह्या धोरणास जो विरोध केला तो योग्यच होता. नापासाच्या आंकड्याचा उपयोग मुलाविरुद्धच नव्हे तर त्याच्या गांवाविरुद्धहि करतां येतो, हें त्यावरून दिसून आलें.

ह्याच मध्य प्रांत व वऱ्हाडच्या भूमींत सन १९३७ सालीं वर्धा येथें शिक्षण परिषद भरली व डॉक्टर झाकिर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा केला. त्या योजनेंतील चरखा व तकली सर्वांस आठवते; परीक्षांविषयींचा परिच्छेद कोणास आठवत नाहीं. शक्य तोंवर कोणत्याहि मुलास एका वर्षाचें काम पुन्हां करावयास लावूं नये, असें समितीनें म्हटलें आहे. वर्गांतील बरींच मुलें मागें असलीं तर शिक्षकाच्या कामावर देखरेख करावी, बरेच वर्ग मागें असले तर शाळेची व्यवस्था तपासावी, आणि सर्वच शाळांत मुलें मागें दिसलीं तर दोष अभ्यासक्रमाचा व घालून दिलेल्या मापांचा समजावा. निकालावर अनुदान देणारांनीं जो बोजा मुलाच्या डोक्यावर ठेवला होता तो ह्या परिच्छेदानें पायरी पायरीनें वर नेऊन सरकारच्या डोक्यावर ठेवला. एवढ्या थोड्या शब्दांत इतकी नेमकी जबाबदारी वांटून दिलेली दुसरा कोणता शिक्षणविषयक अहवाल प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत नाहीं. मूलोद्योगाबरोबर तोहि बाजूस पडला.

पुढील हकीकत वाचकांस परिचित आहे. सातारा जिल्ह्यांतील गळती व स्थगन यांची धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनीं केलेली पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेनें सन १९५५ सालीं प्रसिद्ध केली. बुलढाणा जिल्हा सन १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. सन १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें पहिली व दुसरी मिळून एकच अखंड घटक मानावा असें सुचविलें. त्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे, आणि खेड्यांतील शाळा त्यांनीं जवळून पाहिलेल्या. मग सन २००९ चा कायदा आला. त्यानें नापास करणें बंद केलें, पण त्याच्याच एकोणतिसाव्या कलमानें मुलाचें मूल्यमापन सतत करीत राहावें असेंहि सांगितलें. पुष्कळ ठिकाणीं पहिला भाग पाळला गेला व दुसरा कागदोपत्रीं राहिला. उजळणी गेली आणि मूल वर ढकललें गेलें. ह्याबद्दल पालक व शिक्षक यांची जी तक्रार आहे ती खोटी नाहीं. ‘प्रथम’ संस्थेच्या सन २०२४ च्या पाहणींत देशाच्या ग्रामीण भागांतील पांचवीच्या निम्म्याहून कमी मुलांस दुसरीचा मजकूर वाचतां आला. मूल आठवींत आहे व त्याला भागाकार येत नाहीं, हें पाहणाऱ्या बापानें परीक्षा मागितली तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

परंतु त्याला भागाकार येत नाहीं म्हणून त्यानें इतिहास, भूगोल आणि मराठी हीं सर्व पुन्हां एक वर्ष त्याच पुस्तकांतून वाचावीं, ह्यांत भागाकार कोठें येतो? न येणारी गोष्ट पुन्हां करविणें आणि वर्ष पुन्हां करविणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली पंतोजीस ठाऊक होती. दुसरी यत्तेनें आणली. आजच्या वादांत दोन्हीं एकाच शब्दांत कोंबल्या जातात, आणि जुन्या उजळणीची पुण्याई नव्या नापासाच्या पदरांत पडते. मुलांस यत्तेप्रमाणें न बसवितां दिवसांतून कांहीं वेळ येणाऱ्या पायरीप्रमाणें बसवून वाचन व अंकगणित शिकविण्याची जी पद्धत ‘प्रथम’नें चालविली आहे, ती नवी म्हणून वाखाणली जाते. ओसरीवरील त्या तीन मुलांचें चित्र वर आलेंच आहे. फरक एवढाच कीं आतां ओसरीवर मुलीहि आहेत आणि सर्व जातींचीं मुलेंहि. नव्या नियमांतील फेरपरीक्षेपूर्वींचे दोन महिने जर खरोखर ह्या प्रकारें शिकविण्यांत गेले, तर पांचवींत मागें राहणारें मूल विरळा सांपडेल. ते सुटींत वाया गेले, तर हार्टोग समितीचे आंकडे पुन्हां काढण्याची वेळ येईल, आणि गळती कोठें होईल हेंहि आतांच सांगतां येईल : मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ह्या बाजूंकडून जीं कुटुंबें हंगामांत मजुरीसाठीं परगांवीं जातात त्यांच्या मुलांत.

ह्या सर्व विवेचनास ज्या एका पुराव्याची जोड हवी आहे तो वाचकांच्याच हातीं आहे. दाखल-खारीज पुस्तकांतील एकेका ओळीवरून तें मूल किती वर्षें कोणत्या यत्तेंत होतें याचा हिशेब निघतो. पहिलींत दाखल झालेला मुलगा चार वर्षांनीं दुसरींतूनच गेला असेल, तर तेवढ्या एका ओळींत स्थगन व गळती दोन्हीं आलीं. जातीच्या नोंदींसाठीं उघडलेलीं हीं पुस्तकें पुन्हां बांधून ठेवण्यापूर्वीं बुलढाणा जिल्ह्यांतील ज्यांस तीं पाहण्याची परवानगी मिळेल त्यांनीं दाखल होण्याची यत्ता व तारीख, सोडण्याची यत्ता व तारीख आणि सोडण्याचें कारण एवढे पांच रकाने मुलांचीं नांवें गाळून उतरून घ्यावे. तपासनीसांचीं शेरेबुकें सांपडल्यास तींहि पाहावीं. ज्यांच्या संग्रहीं पोथ्यांच्या रुमालांत उजळणीच्या व कित्त्याच्या जुन्या वह्या पडून असतील त्यांनीं त्या क्षुद्र समजून टाकूं नयेत. वहीवर तिथि असेल आणि एकाच हातचें अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत असेल, तर एका मुलास औटकीपर्यंत पोंचण्यास किती महिने लागले हें त्यावरून काढतां येईल. ही गणना वऱ्हाडापुरती अद्याप प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत आलेली नाहीं.